उघडीप मिळाली, गवत कापायला निघालात? ग्रास कटर आणि कुट्टी मशीनला हात लावण्याआधी

श्रावणात पावसानं दोन दिवस उघडीप दिली की आपल्याकडं शिवारात एकच आवाज घुमायला लागतो. कोल्हापूर जिल्ह्यातलं करवीर असो, पन्हाळा असो नाहीतर राधानगरी, बांधावर कमरेएवढं गवत उभं असतं, गोठ्यात म्हशी वैरणीकडं बघत असतात आणि पुन्हा आभाळ भरून यायच्या आत सगळं कापून घ्यायची घाई असते. पूर्वी ही घाई विळ्यानं व्हायची. विळा चुकला तर बोटाला लागायचा. ग्रास कटरचं पातं चुकलं तर नडगी फुटते, आणि त्यानं उडवलेला खडा लांब उभ्या असलेल्या पोराचा डोळा घेऊ शकतो.

माझ्या बघण्यातले बरेचसे अपघात मशीन जोरात कापत असताना झालेले नाहीत. ते झाले अडकलेलं गवत काढताना. मशीन थांबलेलं असतं, म्हणून माणूस निर्धास्तपणे हात घालतो. थांबलेलं मशीन आणि बंद केलेलं मशीन यांत फरक आहे, आणि तो फरक आमच्या घरानं दोन बोटं देऊन शिकलाय.

माझे चुलते भाद्रपदात संध्याकाळी मशीनवर कुट्टी, म्हणजे वैरणीचे बारीक तुकडे, करत होते. पावसानं भिजलेलं हत्तीगवत रोलरमध्ये गुंडाळलं, तेवढ्यात लाईट गेली. गोठ्यात अंधार झाला आणि मशीन गप्प झालं. बटण चालूच राहिलं. चुलतीनं हाक मारली, "अवो, लाईट येऊ दे की मग काढा." ते म्हणाले, "काय हुतंय, मशीन तर बंदच हाय." त्यांनी पेंढीचा बुडखा धरून ओढायला हात आत घातला आणि लाईट आली. उजव्या हाताची दोन बोटं दुसऱ्या पेरापासून गेली. आजही ते चहाचा कप डाव्या हातानं उचलतात.

म्हणून कुट्टीत वैरण अडकली की बटण बंद करून भागत नाही. पिन बोर्डातून उपसून बाजूला ठेवा, चाक पूर्ण थांबू द्या आणि मगच हात लावा. तुमच्या मशीनला उलटं फिरवायचा दांडा असेल तर अडकलेली वैरण त्यानंच मागं घ्या. नसेल तर लाकडी काठीनं ढकला. लाईट नसताना तर हा नियम आणखी कडक पाळा. साध्या बटणावरची सिंगल फेजची मोटर लाईट आली की आपोआप सुरू होते. स्टार्टर बसवला असेल तर लाईट गेल्यावर तो पडतो आणि पुन्हा बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. कुट्टीला असा स्टार्टर बसवून घ्या, आणि विहिरीच्या मोटरीला असतो तसा ऑटो स्विच तिला कधीही जोडू नका.

गोठ्यातली कुट्टी बहुतेक घरांत बायकाच करतात, हे घरातल्या कर्त्या माणसानं ध्यानात घ्यावं. पदर कमरेला घट्ट खोचलेला हवा, ओढणी काढून ठेवलेली हवी, हातात सैल बांगड्या नकोत. पट्ट्यावर आणि चाकावर पत्र्याचं झाकण हवंच. वैरण सरकवायचं तोंड आखूड असेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून पुढं पत्रा जोडून ते लांब करून घ्या. पेंढी संपत आली की शेवटचा बुडखा हातानं रेटू नका, मागून दुसरी पेंढी लावा. पावसाळ्यात गोठ्याची जमीन ओली असते. मोटरीला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या, शक्यतो ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाईट तोडणारा स्विच) बसवा आणि कोरड्या फळीवर, पायात रबरी बूट घालून उभं राहा.

आता ग्रास कटर, म्हणजे खांद्याला पट्ट्यानं अडकवून चालवायचं गवत कापायचं मशीन. मशीन सुरू करण्याआधी काठी घेऊन बांधावरून एक फेरी मारा. काठी आपटत चाललात तर घोणस किंवा नाग असेल तर सरकायला वेळ मिळतो. दुसरं म्हणजे, नदीकाठच्या रानांत पूर काय काय आणून टाकतो ते आपण २०१९ ला आणि २०२१ ला पाहिलंय. शिरोळ, करवीरच्या पूरपट्ट्यात गवताच्या बुडाशी फुटक्या बाटल्या, तारेचे तुकडे, नायलॉनच्या दोऱ्या, चिंध्या आजही निघतात. बाटलीवर पातं बसलं तर काच छर्‍यासारखी उडते. तार किंवा चिंधी सापडली तर ती पात्याच्या दांड्याला गुंडाळते आणि मशीन हातातून हिसकलं जातं.

पातं वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतं. त्यामुळं कापताना उजवीकडून डावीकडं झोका द्यायचा आणि पात्याच्या डाव्या बाजूनं गवत घ्यायचं. पुढची उजवी बाजू दगडाला किंवा झुडपाच्या खोडाला टेकली की मशीन झटक्यानं उलट उसळतं. नवीन पोरांना मशीन देताना एवढं एक तरी दाखवून द्या. दगडी बांधाजवळ, पाइपलाइनजवळ पातं काढून नायलॉन दोरीचं मुंडकं लावा. दोरी संपली म्हणून तिथं बाइंडिंगची तार लावणारे मी पाहिलेत. तारेचा तुकडा तुटला तर गोळीसारखा जातो, माणसाच्या अंगात घुसतो. हे कृपा करून करू नका. गवत अडकतं म्हणून खालचा गार्ड काढून ठेवायची सवयही तशीच वाईट. गार्ड नसेल तर उडणारा प्रत्येक खडा तुमच्याच पायावर येतो.

पायात गमबूट, अंगात जाड फुल पँट, डोळ्याला चष्मा आणि कानात बोळे एवढं हवंच. उन्हाळ्याचा चष्मा नाही, बाजूनं झाकलेला सेफ्टी गॉगल घ्या. घामानं त्यावर वाफ धरत असेल तर जाळीचा मुखवटा वापरा. पण बारीक कण जाळीतून आत येतात, म्हणून त्याच्या आत गॉगल असलेला बरा. १५ मीटरच्या आत दुसरं कुणी नको, जनावरही नको. चहा घेऊन आलेल्या माणसानं मागून येऊन खांद्याला हात लावू नये. चालवणारा दचकून वळतो आणि त्याच्याबरोबर पातंही वळतं. लांब समोर उभं राहून हात करा, मशीन बंद झाल्यावरच जवळ या.

पात्यात गवत गुंडाळलं की रेस सोडा, इंजिन बंद करा, पातं थांबेपर्यंत थांबा आणि प्लगची टोपी काढा. मग काठीनं गवत सोडवा. पात्याचा नट बहुतेक मशीनला उलट्या आट्याचा असतो, घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटतो. हे माहीत नसलं की माणूस जोर लावून लावून पाना निसटवतो आणि मूठ पात्यावर आपटून घेतो.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं असतं. पन्नासास एक सांगितलं असेल तर लिटरला २० मिली, पंचवीसास एक असेल तर ४० मिली. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत जे असेल तेच धरा. फोर-स्ट्रोकचं ऑइल वेगळं भरायचं असतं, ते पेट्रोलमध्ये घालायचं नाही. टाकी संपली की दहा मिनिटं इंजिन निवू द्या, मग भरा, आणि भरलेल्या जागेपासून चार पावलं लांब जाऊन सुरू करा. त्या वेळी बिडी पेटवू नका.

अर्धा तास झाला की पट्टा सोडून बसा. बोटांना मुंग्या आल्या किंवा ती पांढरी पडली तर त्या दिवसापुरतं काम थांबवा. मशीनच्या थरथरीनं रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात, आणि ते दुखणं सहजासहजी जात नाही.

फार्महाऊसवर किंवा शाळेच्या आवारात हिरवळ कापायचं ढकलगाडीसारखं मशीन असेल तर उतारावर ते आडवं चालवा, वर-खाली नको. पॉवर टिलर मागं घेताना रोटर न्यूट्रलला हवा. रोटाव्हेटरखाली वाकण्याआधी पीटीओ (ट्रॅक्टरवरून अवजार फिरवणारा दांडा) गिअरमधून काढा, ट्रॅक्टर बंद करा आणि किल्ली खिशात घाला.

इतकं करूनही लागलंच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात वर ठेवा. हळद, कॉफी, चुना काही लावू नका. बोट तुटलं असेल तर ते शोधा, स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर ते मरतं. डोळ्यात काही घुसलं असेल तर चोळू नका, ओढून काढू नका, वरून वाटी धरा. १०८ ला फोन करा, किंवा दारात गाडी असेल तर तीच काढा. दवाखान्यात पोचल्यावर धनुर्वाताचं इंजेक्शन आधी कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा.