फर्मवेअरमध्ये बिल्डचे पर्याय नोंदवताय? या चुका टाळा

फर्मवेअर म्हणजे बोर्डात भरलेला प्रोग्रॅम, आणि बिल्ड म्हणजे सोर्स कोडपासून तो बनवणं. वावरातल्या पंपाच्या पॅनेलमधला बोर्ड नुसतं 'व्हर्जन १.४' दाखवत असेल तर त्याचा उपयोग शून्य. सिंगल फेजिंगचं संरक्षण (एक फेज गेला की मोटर बंद करणारं) चालू ठेवून बिल्ड केलं की बंद ठेवून, लाईन आल्यावर ऑटो-स्टार्ट किती सेकंदांनी, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे जीसीसी या कंपायलरला 'रेकॉर्ड जीसीसी स्विचेस' हा पर्याय देऊन निर्धास्त होणं. तो पर्याय स्विच (कमांडवर दिलेले पर्याय) एका वेगळ्या सेक्शनमध्ये, म्हणजे फाईलीच्या वेगळ्या भागात, लिहितो खरा, पण तो सेक्शन मेमरीत लोड होत नाही. बोर्डात जाणारी बिन फाईल 'ऑब्जकॉपी' ही कमांड बनवते आणि ती फक्त लोड होणारे सेक्शन उचलते. म्हणजे नोंद लॅपटॉपवरच्या एल्फ फाईलमध्ये (जिच्यातून बिन काढतात ती मूळ फाईल), आणि बोर्ड वरुडच्या संत्र्याच्या बागेत. रात्रीच्या लाईनीत एक फेज जातो, मोटर जळते, विहिरीवर सिरियल केबल लावून बसलेल्याच्या हाती काही लागत नाही. ती एल्फ फाईल तोवर 'मेक क्लीन'नं (बिल्डच्या जुन्या फाईली पुसणारी कमांड) कधीच उडवलेली असते.

त्यापेक्षा पर्यायांची स्ट्रिंग कॉन्स्ट अ‍ॅरेमध्ये, स्वतःच्या सेक्शनात ठेवा. तिला 'यूज्ड' अ‍ॅट्रिब्यूट द्या आणि लिंकर स्क्रिप्टमध्ये (कंपाईल झालेले तुकडे जोडणाऱ्या लिंकरला दिलेल्या सूचना) त्या सेक्शनाला 'कीप' लावा. दोन्ही हवेत: 'यूज्ड' कंपायलरला थांबवतं, पण 'जीसी-सेक्शन्स' चालू असेल तर कोणी न वापरलेली स्ट्रिंग लिंकर फेकून देतो. घाईवाले पहिल्यावरच थांबतात. बिन फाईलवर (एल्फवर नव्हे!) 'स्ट्रिंग्ज' (फाईलीतला वाचता येणारा मजकूर दाखवणारी कमांड) चालवून नोंद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती पेन ड्राईव्हवर घ्यायची नाही, हा माझा नेम. नोंद छापणारी सिरियल कमांडही ठेवा.

दुसरी चूक जास्त घातक, कारण नोंद असते पण खोटी. 'मेक' (बिल्ड चालवणारा प्रोग्रॅम) काय पुन्हा कंपाईल करायचं ते ठरवताना फाईलींच्या वेळा पाहतं. कमांडवर दिलेला पर्याय बदलला हे त्याला कळत नाही. नोंदीची फाईल पुन्हा कंपाईल झाली आणि बाकीच्या जुन्याच राहिल्या, तर बोर्ड सांगेल 'संरक्षण चालू' आणि आतला कोड मात्र बंदवाला. दर बिल्डला सगळे पर्याय एका फाईलीत लिहा, आधीच्या फाईलीशी फरक असेल तरच ती बदला, आणि सगळ्या ऑब्जेक्ट (कंपाईल झालेल्या) फाईली तिच्यावर अवलंबून ठेवा. नेहमी 'क्लीन' करून बिल्ड करणं हा आळशी उपाय आहे, पण चालतो.

लिनक्स कर्नलमध्ये 'आयकेकॉन्फिग' (कर्नलचे बिल्ड पर्याय त्याच्यातच ठेवणारी सोय) मॉड्यूल म्हणून ठेवलं, तर 'कॉन्फिग्स' मॉड्यूल लोड करेपर्यंत 'प्रॉक' फोल्डरमध्ये पर्यायांची फाईल, कॉन्फिग डॉट जीझेड, दिसत नाही. थेट आत बांधा, प्रॉकवाला पर्यायही चालू करा.

गिट डिस्क्राईबला (कमिटवरून व्हर्जनचं नाव देणारी कमांड) 'डर्टी' हा पर्याय जोडा. कमिट न केलेला बदल लपत नाही.

तारीख-वेळ थेट छापली की तोच सोर्स दर वेळी वेगळी बिन देतो; 'सोर्स डेट इपॉक' (बिल्डला तारीख-वेळ पुरवणारा व्हेरिएबल) कमिटच्या वेळेवर बसवा.

आणि सगळे स्विच आंधळेपणानं नोंदवू नका. डी स्विचनं (कंपाईल करताना कोडला किंमत पुरवणारा) दिलेला वायफायचा पासवर्डही त्यात जातो आणि 'स्ट्रिंग्ज' चालवणाऱ्या कोणालाही दिसतो.