बीथोवनच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोसाठी स्वतःची कॅडेन्झा कशी बांधावी

बीथोवनचा डी मेजरमधला व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना), ओपस 61, हा व्हायोलिनवादकांच्या अभ्यासक्रमात कधी ना कधी येतोच, आणि तो बसवताना पहिल्या भागाच्या शेवटाशी एक प्रश्न उभा राहतो. तिथे ऑर्केस्ट्रा पूर्ण जोरात एका कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांवर) येऊन थांबतो, त्यावर थांब्याचे चिन्ह असते, आणि पुढे काय वाजवायचे हे बीथोवनने व्हायोलिनसाठी लिहूनच ठेवलेले नाही. अशा जागी एकट्या वादकाने वाजवायच्या तुकड्याला कॅडेन्झा म्हणतात. बहुतेक विद्यार्थी गुरुजी सांगतील ती छापील कॅडेन्झा, म्हणजे बहुधा क्राइस्लर किंवा योआखिम या व्हायोलिनवादकांची, पाठ करतात. त्यात गैर काहीच नाही. तथापि ज्याचा हात तयार आहे आणि ज्याला स्कोअर (सर्व वाद्यांचे भाग एकत्र दाखवणारी स्वरलिपी) वाचता येतो, त्याने निदान एकदा तरी ही जागा स्वतः बांधून पाहावी. ते काम कोणत्या क्रमाने करावे, हे पुढे सांगितले आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. हा कॉन्चेर्टो 23 डिसेंबर 1806 रोजी व्हिएन्नातल्या थिएटर आन डेर वीन येथे फ्रान्त्स क्लेमेंट या वादकाने प्रथम सादर केला. पुढच्याच वर्षी म्युझिओ क्लेमेंटी या पियानोवादक-प्रकाशकाच्या मागणीवरून बीथोवनने त्याचे पियानोसाठी रूपांतर करण्याचे मान्य केले, आणि या पियानो-आवृत्तीसाठी मात्र त्याने स्वतः कॅडेन्झा लिहिल्या. पहिल्या भागाच्या कॅडेन्झात तर पियानोबरोबर ऑर्केस्ट्रातली टिंपनीही (ठरावीक स्वरांना लावलेले नगारे) वाजते, जी त्या काळच्या कॅडेन्झात सहसा न आढळणारी गोष्ट आहे. मूळ व्हायोलिन-कॉन्चेर्टो मात्र बरीच वर्षे मागेच पडला होता. 27 मे 1844 रोजी लंडनमध्ये संगीतकार मेंडेल्सनच्या संचालनाखाली बारा वर्षांच्या योआखिमने तो वाजवला आणि तिथून त्याचे दिवस पालटले. त्यानंतर मोठ्या वादकांनी आपापल्या कॅडेन्झा लिहिण्याची रीतच पडली.

तेव्हा मार्ग दोन आहेत. एक, सगळी कॅडेन्झा नव्याने रचायची. दुसरा, बीथोवनची पियानोसाठीची कॅडेन्झा व्हायोलिनवर उतरवायची. व्हिएन्नाचे व्हायोलिनवादक व्होल्फगांग श्नायडरहान यांनी दुसरा मार्ग धरला, आणि ऑयगेन योखुम यांच्या संचालनाखाली बर्लिन फिलहार्मोनिकसह 1962 साली केलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रणात ती कॅडेन्झा टिंपनीसह ऐकायला मिळते. पहिलाच प्रयत्न असेल तर माझा कौल या दुसऱ्या मार्गालाच आहे, कारण त्यात रचनेची चौकट बीथोवनची राहते आणि तुमचे सारे लक्ष वाद्याकडे देता येते. शिवाय काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे ठरवण्यातच तुमची आवड-निवड पुरेशी दिसून येते.

थांब्याची जागा आधी नीट वाचा

पेन हातात घेण्यापूर्वी ऑर्केस्ट्राचा पूर्ण स्कोअर उघडावा, केवळ व्हायोलिनचा भाग नव्हे. थांब्याचे चिन्ह 510व्या बारवर (मात्रांच्या ठरावीक गटावर) आहे. तिथली कॉर्ड डी मेजरचीच, पण तिच्या तळाशी डी नसून ए आहे, म्हणून ती स्थिर वाटत नाही आणि कान पुढच्या ए-सेव्हन्थ कॉर्डची (एवर उभी, डीकडे ओढणारी कॉर्ड) आणि मग डीवर परतण्याची वाट पाहतो. कॅडेन्झा म्हणजे हे परतणे लांबवणे होय. आपल्याकडच्या श्रोत्याला तान कितीही फिरली तरी समेची आठवण सुटू न देणे माहीत असते. इथेही तळाचा तो ए मनात धरूनच सगळा प्रवास करायचा आहे. फरक एवढाच, की इथली सम जोरात पडत नाही.

हा फरक फार महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच निसटतो. कॅडेन्झा संपताच पूर्ण ऑर्केस्ट्रा गर्जना करत परत येईल, अशी अनेक कॉन्चेर्टोंमुळे आपली समजूत झालेली असते. बीथोवन इथे तसे करत नाही. तार-वाद्ये अगदी हळू आवाजात पिझिकाटो (गजाऐवजी बोटाने तार छेडून) वाजवतात आणि त्यावर एकटे व्हायोलिन जी आणि डी या खालच्या दोन तारांवर या भागाची दुसरी मुख्य धून, कोणतीही नक्षी न करता, म्हणते. तोपर्यंतच्या वीसेक मिनिटांत ही धून मुख्यतः फुंकवाद्यांनी आणि ऑर्केस्ट्राने म्हटलेली असते, आणि व्हायोलिन तिच्याभोवती ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांची जलद अदलाबदल) आणि वेलबुट्टी काढत राहिलेले असते. म्हणजे व्हायोलिनच्या वाट्याला ती साधेपणाने आणि सलग अशी कॅडेन्झानंतरच येते.

यावरून एक नियम मी काढतो, जो प्रसिद्ध कॅडेन्झांनी पाळलेला नाही: ही दुसरी धून कॅडेन्झात पूर्ण वाजवू नये. क्राइस्लरने आपल्या कॅडेन्झाच्या अखेरीकडे पहिली आणि दुसरी धून एकाच वेळी, एकीवर दुसरी रचून वाजवली आहे. एका व्हायोलिनवर ती करामत थक्क करणारी आहे, आणि तरीही त्यानंतर लगेच तीच धून जी तारेवर येते तेव्हा तिचे नवेपण थोडे उणावलेले असते. क्राइस्लरला ते शोभून गेले. ज्याला आपली कॅडेन्झा कॉन्चेर्टोच्या आत बसवायची आहे, त्याने या धुनीचे फार तर पहिले तीन-चार स्वर सुचवावेत आणि बाजूला व्हावे.

वापरायचा ऐवज निवडा

मग कशावर रचायचे? या भागाची सुरुवातच टिंपनीच्या डीवरच्या पाच ठोक्यांनी होते आणि ते ठोके पुढे सगळ्या भागात रूपे बदलून येत राहतात. दहाव्या बारमध्ये पहिली व्हायोलिने तोच ठोका एकाएकी डी शार्पवर वाजवतात, तोही कोणत्याही कॉर्डचा आधार नसताना, आणि ऐकणारा क्षणभर चाचपडतो. कॅडेन्झासाठी याहून चांगला ऐवज नाही. फुंकवाद्यांची पहिली धून आणि वर चढत जाणारी सप्तकाची ओळ हे आणखी दोन. एवढ्यावर थांबावे. चार-पाच विषय एकत्र आणले की कॅडेन्झा त्या भागाची अनुक्रमणिका होऊन बसते.

पियानोवरून व्हायोलिनवर उतरवणे

हा कामाचा गाभा आहे आणि त्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. पियानोवादकाला दहा बोटे आणि पेडल असते. आपल्याला चार तारा, चार बोटे आणि एक गज. व्हायोलिनची घोडी वरून गोलाकार असल्यामुळे चारही तारा एकदम सलग वाजत राहत नाहीत, म्हणून चार स्वरांची कॉर्ड आधी खालच्या दोन तारा आणि मग वरच्या दोन तारा अशी मोडून घ्यावी लागते. सर्वांत खालचा स्वर म्हणजे मोकळी जी तार. त्याखालचे सगळे वर उचलावे लागते किंवा सोडून द्यावे लागते.

पहिल्या वाचनात पियानोच्या प्रतीवर पेन्सिलने दोनच गोष्टींना खूण करावी: सर्वांत वरची ओळ आणि सर्वांत खालची ओळ. मधले स्वर बहुतेक ठिकाणी भर घालण्यासाठी असतात आणि डाव्या हाताचे ऑक्टेव्ह हे नुसते दुहेरीकरण असते. ते निःसंकोच गाळावेत. उरलेल्या दोन ओळी जिथे सहाव्या किंवा तिसऱ्या अंतरावर येतात, तिथे डबल स्टॉप (दोन तारा एकत्र वाजवणे) जसेच्या तसे बसतात. जिथे त्या शुद्ध पाचव्या अंतरावर येतात तिथे एकच बोट दोन तारांवर आडवे टेकवावे लागते आणि बोट केसभर तिरके पडले तरी सूर बिघडतो, म्हणून अशा जागा जलद लयीत टाळाव्यात. दोन ओळी फारच लांब असतील तर खालचा स्वर आधी छोटासा वाजवून वरच्या स्वरावर जावे. बाखच्या एकल व्हायोलिन-रचना वाजवलेल्या हाताला ही सवय असतेच.

एक उदाहरण जवळून पाहू. कॅडेन्झाची सुरुवात त्या ए तळाशी असलेल्या डी मेजर कॉर्डने करायची आहे, तर ती व्हायोलिनवर दोन प्रकारे मांडता येते. पहिल्या प्रकारात जी तारेवर पहिल्या बोटाने ए, मग मोकळी डी, मोकळी ए, आणि ई तारेवर पुन्हा पहिल्याच बोटाने एफ शार्प. दोन मोकळ्या तारा घुमतात, वाद्य उघडून बोलते, पण गज वर सरकत असताना पहिल्या बोटाला जी तारेवरून ई तारेवर उडी मारावी लागते आणि खालचा ए लगेच तुटतो. दुसऱ्या प्रकारात जी तारेवर पहिल्या बोटाने ए, डी तारेवर दुसऱ्याने एफ शार्प, आणि तिसरे बोट ए व ई या दोन्ही तारांवर आडवे टेकवून डी आणि वरचा ए. यात हात जागचा हलत नाही, कॉर्ड पुन्हा पुन्हा ठोकता येते, मात्र मोकळ्या तारांची घुमारी नाही आणि तिसऱ्या बोटाखालचे अंतर पाचवे असल्यामुळे सूर सांभाळावा लागतो. एकदाच वाजणाऱ्या पहिल्या कॉर्डसाठी मी पहिला प्रकार घेईन, आणि पाच ठोक्यांसारखी सलग आवर्तने असतील तिथे दुसरा. अशी निवड प्रत्येक मोठ्या कॉर्डपाशी करावी लागते, आणि ती कागदावर न करता वाद्य हातात घेऊनच करावी.

पेडलने रेंगाळणारा नाद कुठून आणायचा, हा पुढचा प्रश्न. डी मेजर या बाबतीत व्हायोलिनला फार उदार आहे, कारण डी आणि ए या दोन्ही मुख्य स्वरांच्या तारा मोकळ्या मिळतात. शेजारच्या तारेवर धून चालू ठेवून मोकळी तार सोबत धरली की आधार आपोआप मिळतो. जिथे पियानो कॉर्डचा गुच्छ धरून ठेवतो, तिथे चारही तारांवरून वर-खाली जाणारे तुटक स्वर गजाच्या एका लवचिक हालचालीत घ्यावेत.

टिंपनीचा भाग

पियानो-कॅडेन्झात मध्येच कूचगीताच्या चालीचा एक तुकडा आहे आणि तिथेच टिंपनी सोबतीला येते. हा तुकडा ठेवायचाच असेल तर लय टिंपनीवर सोपवून व्हायोलिनने मोजकेच बोलावे. दोघांनीही तोच ठोका धरला तर व्हायोलिनचा आवाज खाली दबतो. टिंपनीला या कॉन्चेर्टोत डी आणि ए हे दोनच स्वर लावलेले असतात, म्हणून तिच्यासाठी तिसरा स्वर लिहू नये. वादकासाठी वेगळे पान तयार करून त्यावर व्हायोलिनची ओळ बारीक अक्षरात द्यावी, नाही तर त्याला कुठे शिरायचे ते कळणार नाही. पियानोच्या साथीवर परीक्षा किंवा विद्यार्थी-मैफल असेल, आणि आपल्याकडे मुंबई-पुण्यात किंवा गोव्यात बहुतेकांची गाठ तशाच प्रसंगाशी पडते, तर साथीदाराने पियानोच्या तळच्या सप्तकात तेच दोन स्वर, पेडल न दाबता, कोरडे वाजवावेत. परीक्षेत बाहेरची कॅडेन्झा चालते का, हे मात्र त्या मंडळाच्या नियमावलीत आधी पाहून घ्यावे.

या जागी किती मोकळीक घेता येते, याची दुसरी कड पाहायची असेल तर संगीतकार आल्फ्रेड श्निट्केने 1970च्या दशकात लिहिलेली आणि व्हायोलिनवादक गिदोन क्रेमरने वाजवलेली कॅडेन्झा ऐकावी. तिच्यात बर्ग, बार्टोक, शोस्ताकोविच यांच्या कॉन्चेर्टोंचे तुकडे बीथोवनच्या ठोक्यांत मिसळलेले आहेत. मला ती वारंवार ऐकाविशी वाटते आणि बीथोवनच्या मध्यभागी मात्र नकोशी वाटते.

लांबी, शेवट आणि प्रत

पहिल्या भागाला साधारण चोवीस-पंचवीस मिनिटे लागतात. त्यात तीन ते साडेतीन मिनिटांची कॅडेन्झा बसते. त्याहून लांब झाली तर कापणी करावी, आणि कापणी शेवटाकडे न करता मध्यात करावी. शेवटचे आठ-दहा बार सर्वांत आधी लिहून ठेवलेले बरे. ए-सेव्हन्थवरची ट्रिल हवीच, परंतु ती जोरात धरून ठेवू नये. आवाज उतरवत, गज तारेवर हलका करत, जी तारेच्या त्या धुनीपर्यंत न तुटता पोचता आले पाहिजे. ट्रिल कोणत्या तारेवर घेतो आणि तिथून खाली कसे येतो, हे बोटांच्या क्रमांकांसह लिहावे.

संचालकाला द्यायच्या प्रतीत संपूर्ण कॅडेन्झा असावी आणि शेवटचे दोन बार ठळक असावेत, कारण पिझिकाटो सुरू करण्याचा इशारा त्याला तुमच्या गजाकडे पाहून द्यायचा असतो. तालमीत हा सांधा स्वतंत्रपणे बसवून घ्यावा.

दुसऱ्याच्या कॅडेन्झातून काही उचलणार असाल तर हक्कांचा विचार करावा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो. क्राइस्लरचे निधन 1962 साली झाले, त्यामुळे त्याची कॅडेन्झा इथे 2023 पासून मोकळी आहे. श्निट्के 1998 मध्ये आणि श्नायडरहान 2002 मध्ये गेले. त्यांचे काम ऐकावे, उतरवून घेऊ नये. बीथोवनची पियानो-कॅडेन्झा अर्थातच सर्वांची आहे.

राहिल्या उरलेल्या जागा: दुसऱ्या भागातून रोंडोत, म्हणजे तिसऱ्या भागात, शिरतानाचा लहानसा दुवा आणि रोंडोमधली कॅडेन्झा. दुव्याला तीन-चार ओळी पुरेत. रोंडोची कॅडेन्झा सहा-आठच्या लयीतच ठेवावी आणि मिनिटभरात संपवावी. पहिल्या भागात जे सांगून झाले ते इथे पुन्हा सांगू नये.