खाली दुकानं, वर घरं: पुनर्विकासाचं टेंडर काढण्याआधी सोसायटीने काय ठरवावं

सोसायटी पुनर्विकासाला निघाली की सभेत दोन तट पडतात. एक म्हणतो, प्लॉट रस्त्याला लागून आहे, खाली दुकानं काढली तर बिल्डर जास्त जागा देईल. दुसरा म्हणतो, दुकानं आली की गिऱ्हाइकांच्या गाड्या आल्या, तळणाचा वास आला आणि रात्री बारापर्यंत गेटवर कट्टा भरला. दोघांचंही खरं असतं. अडचण एवढीच, की हा वाद बहुतेक सोसायट्यांत नकाशा हातात पडल्यावर सुरू होतो. तोवर दुकानं किती, कसली आणि कुणाच्या मालकीची हे बिल्डरच्या आर्किटेक्टने ठरवून टाकलेलं असतं.

म्हणून खालची जवळजवळ सगळी कामं टेंडर काढण्याआधीची आहेत. हिशेब पुण्यासारख्या शहरातला धरला आहे, जिथे २०२० ची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत २०३४ ची वेगळी नियमावली चालते, पण कामांचा क्रम तोच.

आधी कागद काढा

झोन दाखला (प्लॉट कोणत्या वापराच्या विभागात येतो याचा महापालिकेचा कागद) आणि विकास आराखड्यातला रस्ता, या दोन गोष्टी हातात आल्याशिवाय चर्चा नको. समोरच्या रस्त्याची आजची रुंदी आणि आराखड्यातली रुंदी वेगळी असू शकते. रस्तारुंदीत पुढची २–३ मीटर जागा जाणार असेल तर दुकानांची जागाच सरकते. तळमजल्यावर कोणता व्यापारी वापर चालेल हे मुख्यतः रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. गल्लीतल्या प्लॉटला फार मर्यादित परवानगी असते, रुंद रस्त्यावर मोकळीक वाढते. आर्किटेक्टकडून हे तोंडी घेऊ नका. "या रस्त्यावर, या झोनमध्ये, अमुक नियमाखाली अमुक वापर चालतो" असं नियमाच्या क्रमांकासह पत्र घ्या.

दर्शनी लांबी मोजा

सभेत "दहा दुकानं निघतील" असं कोणीतरी ठोकून देतं. ती निघत नाहीत. हिशेब असा करा.

समजा प्लॉटचं तोंड २५ मीटर आहे. एका बाजूने गाड्यांची आणि अग्निशमन बंबाची वाट, ६ मीटर. दुसऱ्या बाजूचा साइड मार्जिन, म्हणजे नियमाने मोकळी सोडायची जागा, ४ मीटर. उरली इमारतीची १५ मीटर दर्शनी बाजू. त्यातून रहिवाशांच्या प्रवेशाला आणि लॉबीला ३ मीटर सोडा. राहिले १२ मीटर, म्हणजे ४ मीटर तोंडाची ३ दुकानं. खोली ८ मीटर धरली तर एकूण ९६ चौरस मीटर, साधारण १,०३० चौरस फूट. ट्रान्सफॉर्मर पुढे ठेवायचा म्हटला तर तिसरं दुकानही गेलं.

मागच्या बाजूची, पार्किंगकडे तोंड केलेली दुकानं हा बिल्डरचा आवडता उतारा. ती घेऊ नका. रस्त्यावरून न दिसणारं दुकान चालत नाही. मग ते गोडाऊन होतं किंवा बंद शटर बनून राहतं, आणि रहिवाशांच्या आवारात परक्या माणसांची ये-जा मात्र कायमची सुरू होते.

कॉलमची मांडणी इथेच पाहून घ्या. गाडीची जागा २.५ मीटर रुंद धरतात, म्हणून दोन कॉलममध्ये तीन गाड्या बसवायला ७.५ ते ८ मीटर अंतर ठेवतात. त्याच अंतरात ४ मीटरची दोन दुकानं नीट बसतात. हे जुळवलं नाही तर कॉलम दुकानाच्या मधोमध येतो आणि त्या गाळ्याचा भाव पडतो.

गेलेली पार्किंग कुठे जाणार?

वरच्या हिशेबातल्या ३ दुकानांनी तळमजल्यावरच्या साधारण ४ गाड्यांची जागा खाल्ली. शिवाय दुकानांसाठी म्हणून नियमाने वेगळी पार्किंग दाखवावीच लागते. ती सगळी बेसमेंटमध्ये किंवा यांत्रिक पार्किंगवर जाते. पुण्यात बेसमेंट म्हणजे काळा पाषाण फोडणं. मुंबईच्या सखल भागात पाणी उपसणं, आणि पुढे जन्मभर पंप. यांत्रिक पार्किंगची देखभाल ताबा मिळाल्यानंतर सोसायटीच्या गळ्यात येते, आणि खालच्या कप्प्यात उंच गाड्या बसत नाहीत. त्यामुळे टेंडरमध्ये स्पष्ट लिहा: गिऱ्हाइकांची पार्किंग पुढच्या भागात, गेटच्या बाहेरच्या अंगाला. रहिवाशांच्या पार्किंगमधून दुकानात जायला दार नसावं.

दोन दर मागवा

दुकानाचा चौरस फुटाचा भाव फ्लॅटपेक्षा जास्त येतो, यावर सगळी गंमत आहे. तो फायदा सोसायटीपर्यंत किती पोहोचतो हे कळायचा एकच मार्ग आहे. टेंडरमध्ये प्रत्येक बिल्डरकडून दोन प्रस्ताव घ्या: पर्याय अ, फक्त निवासी. पर्याय ब, ठरवून दिलेल्या संख्येची दुकानं. दोन्हींत सभासदांना मिळणारं जादा चटई क्षेत्र (घराच्या आतली प्रत्यक्ष वापराची जागा), कॉर्पस (बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम), बांधकामाच्या काळातलं भाडं आणि पार्किंग वेगवेगळं मांडायला लावा. अ आणि ब मधला फरक सभासदामागे १०–१५ चौरस फुटांचा निघाला, तर त्यासाठी तळमजला द्यायचा का हे सभासदांना आकड्यांवर ठरवता येतं. त्याआधीची भांडणं हवेतली.

एक मर्यादा लक्षात ठेवा. प्रकल्पातलं व्यापारी चटई क्षेत्र एकूण चटई क्षेत्राच्या १५ टक्क्यांपर्यंत असेल तर जीएसटीच्या दृष्टीने तो निवासी प्रकल्प राहतो आणि बांधकाम चालू असताना विकलेल्या दुकानांनाही ५ टक्के दर लागतो. १५ च्या वर गेलं की दुकानांचा दर १२ टक्के होतो. बिल्डर या रेषेच्या आसपास का घुटमळतो ते यावरून समजेल. मध्यम आकाराच्या सोसायटीत एकाच मजल्याची दुकानं सहसा या मर्यादेच्या बरीच खाली राहतात. पहिला मजलाही व्यापारी करायचा म्हटलं की ती ओलांडली जाऊ शकते.

नकाशात काय पाहायचं

तक्रारी पुढे याच गोष्टींवरून येतात. बांधकामाआधी त्या फुकटात सुटतात, नंतर पैसे टाकूनही सुटत नाहीत.

सर्वांत महागात पडणारी चूक सांडपाण्याच्या पाइपांची. वरच्या फ्लॅटच्या बाथरूमचे पाइप सरळ खाली आले तर ते दुकानाच्या छतातून जातात. गळती झाली की कापडाचं किंवा औषधांचं दुकान भिजतं. नुकसान कोणी द्यायचं यावरून वरचा आणि खालचा वर्षानुवर्षं भांडतात. दुकानांवर एकही उभी पाइपलाइन येऊ नये, सगळ्या मागच्या सामाईक डक्टमध्ये वळवाव्यात आणि डक्टला बाहेरून हात घालता यावा, अशी अट लिहा. पहिल्या मजल्याच्या टॉयलेटखाली दुकान येत असेल तर मध्ये सर्व्हिस स्लॅब, म्हणजे पाइप फिरवायला वेगळा स्लॅब, मागा.

उंची: दुकानाची मजला-ते-मजला उंची ४ मीटरच्या आसपास हवी. फॉल्स सीलिंग, एसीचे पाइप, पाटीची पट्टी या सगळ्याला जागा लागते. कमी उंचीच्या दुकानात भाडेकरू पुढे पत्र्याची शेड ओढून पाटी वर नेतो, आणि पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली पत्रा तापत बसतो. पाटीसाठी २ ते २.५ फुटांची एकसारखी पट्टी आर्किटेक्टकडून दर्शनी भागातच काढून घ्या.

जोतं: दुकान रस्त्यापेक्षा साधारण ४५ सेंटिमीटर उंच हवं, कारण डांबराचे थर चढून रस्ता वर येत राहतो आणि पावसाळ्यात पाणी आत शिरतं. पण व्हीलचेअरसाठी १:१२ उताराचा रॅम्प धरला तर ४५ सेंटिमीटरला ५.४ मीटर लांबी लागते. ती आपल्या हद्दीतच, दुकानांना समांतर बसवायची. आधी नाही बसवली तर पायऱ्या फुटपाथवर येतात आणि महापालिकेची कारवाई ओढवते.

खाण्याचं दुकान कधीही येऊ नये असं ठरलं असलं, तरी धुराच्या डक्टचं एकदा बोलून घ्या. निदान एका गाळ्यासाठी २ फूट बाय २ फुटाची उभी शाफ्ट गच्चीच्या वर काढलेली असेल तर पर्याय हातात राहतो. नसेल तर करारात त्या गाळ्यात स्वयंपाक बंद. "नंतर बाहेरून डक्ट काढू" म्हणजे कोणाच्या तरी बेडरूमच्या खिडकीसमोर तेलकट पत्र्याची नळी. जिथे स्वयंपाक चालणार तिथे ग्रीस ट्रॅपही (सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी) हवा, नाहीतर तूप-तेल साचून सोसायटीची ड्रेनेज लाइन तुंबते.

एसीच्या बाहेरच्या युनिटची जागा, शटरचं घर, कामगारांसाठी मागे एक टॉयलेट, ओल्या कचऱ्याची वेगळी जागा, पाण्याची वेगळी टाकी आणि मीटर, विजेचे वेगळे व्यापारी मीटर: हे सगळं नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा. कामगारांचं टॉयलेट बहुतेक वेळा विसरलं जातं. त्याचे परिणाम कंपाउंडच्या भिंतीला भोगावे लागतात.

आणि पहिला मजला. खरा त्रास तिथल्याच लोकांना होतो. सकाळी सहाचं शटर, रात्रीची बडबड, पाटीचे दिवे, सगळं त्यांच्या वाट्याला. जुन्या सभासदांपैकी कोणाला पहिला मजला येणार हे दुकानांचा निर्णय होण्याआधी ठरवू नका. शक्य असेल तर तो मजला बिल्डर बाहेर विकणार त्या फ्लॅटच्या हिश्शात टाका, किंवा त्याच्यासाठी वेगळी भरपाई लिहा.

कोणतं दुकान, हे करारात

विकास करारात आणि बिल्डर पुढे करेल त्या प्रत्येक दुकानाच्या विक्री करारात तीच बंदी यादी शब्दशः हवी: परमिट रूम, बिअर शॉप, वाइन शॉप, मटण-चिकन विक्री, फटाके, गॅस आणि रसायनांचा साठा, वर्कशॉप, पिठाची गिरणी, वजनं आपटणारी जिम. पुढे भाड्याने देताना हीच यादी भाडेकराराला जोडायची, ही अटही त्यात. नुसता सोसायटीचा ठराव पुढे टिकवणं अवघड जातं. खरेदीदाराने स्वतः सही केलेली अट जास्त टिकते.

दारूच्या बाबतीत, सोसायटीच्या गाळ्यात नवं बिअर शॉप किंवा वाइन शॉप उघडायला सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल, असं सरकारने मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर केलं. तरी यादीत ते ठेवाच. वेळेचंही तसंच. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने बहुतेक दुकानांना चोवीस तास उघडं राहण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे रात्री दहाला बंद व्हावं असं वाटत असेल तर ते तुमच्या करारातच असायला हवं. माल उतरवायची वेळ, पुढच्या मार्जिनमध्ये टेबल-खुर्च्या आणि शेड नाही, गच्चीवर आणि पार्किंगमध्ये हक्क नाही, या तीन ओळी त्याच कलमात.

एक गाळा सोसायटीचा ठेवा

वरच्या तीन दुकानांपैकी एक सोसायटीच्या मालकीचं मागा. दुकानांच्या वादात हा सर्वांत उपयोगी तोडगा आहे, आणि मागितलाच जात नाही. भाडं देखभालीत येतं, आणि भाडेकरू कोण हे तुम्ही ठरवता. औषधाचं दुकान, दवाखाना, दूध-किराणा यांच्यासाठी तो राखता येतो. बाहेरच्या भाडेकरूकडून मिळणाऱ्या भाड्यावर सोसायटीला आयकर भरावा लागतो. घरभाड्याप्रमाणेच त्यात ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. ते धरूनच रक्कम मांडा.

गुंतवणूक म्हणून घेतलेली दुकानं वर्षानुवर्षं बंद राहतात, आणि मालक सभेला फिरकत नसल्याने कोरम अडतो. म्हणून विक्रीच्या दुकानांपेक्षा सोसायटीच्या गाळ्यावर जास्त भर द्या.

देखभालीचा हिशेब आधी

"दुकानवाल्यांकडून डबल मेंटेनन्स घेऊ" हे सभेत टाळ्या घेणारं वाक्य आहे, पण कायद्यात बसत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे (सहकार खात्याने सोसायट्यांसाठी दिलेली नमुना नियमावली) सेवा शुल्क प्रत्येक गाळ्याला सारखंच, मग तो फ्लॅट असो वा दुकान. पाणीपट्टी नळांच्या संख्येप्रमाणे. सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या बांधकामासाठी साठवायचा निधी) बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के, वर्षाला. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न वापरता गाळा भाड्याने देतो तेव्हाचं) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर नेता येत नाही. म्हणजे जादा वापराचे पैसे जादा दराने नाही, तर वेगळ्या मीटरने वसूल करायचे. मीटर नकाशात का हवे ते इथे कळतं.

सभेत

सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ) खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाच्या विशेष सभेला दोन तृतीयांश कोरम आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. दुकानांचा ठराव वेगळा मांडा: संख्या, कमाल क्षेत्र, बंदी यादी, सोसायटीचा गाळा. "व्यापारी वापरास मान्यता" एवढंच लिहिलं तर बिल्डरला कोरा चेक दिल्यासारखं होतं.

आधीच तळमजल्यावर दुकान असलेले सभासद असतील तर त्यांना वेगळं बोलवा. त्यांना चटई क्षेत्राइतकंच दर्शनी तोंड महत्त्वाचं असतं. ३ मीटर तोंडाचं दुकान मागे लांब करून तेवढंच क्षेत्र दिलं तर त्यांचं नुकसान होतं. बांधकामाच्या काळातलं भाडंही घराच्या दराने चालत नाही.

मंजूर नकाशा महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) संकेतस्थळावर चढला की तो उतरवून घ्या आणि करारातल्या नकाशावर ठेवून पाहा. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे इमारतीच्या मंजूर नकाशात मोठा बदल करायला दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. पार्किंगच्या जागी एखादं जादा दुकान उगवलं तर हाच आधार. ताबा घेताना फूटपट्टी घेऊन प्रत्येक दुकानाचं तोंड, जोतं, मीटर, डक्टचं दार आणि मागची भिंत बंद आहे का, हे तपासा, आणि यादीवर बिल्डरच्या इंजिनिअरची सही घेतल्यावरच किल्ल्या घ्या.