'कॅप'चा फॉर्म कन्फर्म करा, मग पायथन उघडा

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी प्रवेशाचा, म्हणजे 'कॅप' या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा फॉर्म एका बैठकीत भरून होतो. वेळ खातात ते दाखले, म्हणून सुरुवात तिथून करा. सगळ्यात जास्त घोळ नॉन-क्रिमीलेअरचा. हा दाखला चालू प्रवेशवर्षाच्या अखेरपर्यंत वैध लागतो, म्हणजे २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंत. जुना दाखला आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्यांची मुदत बहुतेकदा आधीच्या मार्चमध्येच संपलेली असते. जेईईसाठी काढलेला केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस दाखला इथे चालत नाही, राज्याचा वेगळा काढावा लागतो. दाखला हातात नसेल तर सेवा केंद्रात अर्ज करून पावती घ्या आणि मूळ दाखल्याची शेवटची तारीख वेळापत्रकात पाहून ठेवा. ती चुकली तर तुमचा विचार खुल्या गटातून होतो.

स्कॅन करताना मागची बाजू सोडू नका, शिक्का आणि तारीख पुष्कळदा तिथेच असते. ई-स्क्रूटिनी, म्हणजे कागदपत्रांची ऑनलाइन तपासणी निवडलीत तर फॉर्म पाठवल्यावर रोज लॉगिन करा. त्रुटी निघाली की अर्ज तुमच्याकडे परत येतो आणि तुम्ही दुरुस्त करून पुन्हा पाठवेपर्यंत तसाच पडून राहतो.

विकल्प अर्ज, म्हणजे कॉलेज-शाखांचा पसंतीक्रम, ही खरी विचाराची जागा. कॉलेजं मागच्या वर्षीच्या कटऑफप्रमाणे लावू नका, तुम्हाला जे सर्वांत हवं ते वर लिहा. जागावाटप वरून खाली तपासत जातं, त्यामुळे अवघड कॉलेज पहिलं लिहिल्याने खालचं हातचं जात नाही. उलट नको असलेलं कॉलेज वर ठेवणं महागात पडतं. २०२५-२६ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी विकल्प मिळाला की तो आपोआप गोठत होता, म्हणजे तीच जागा पक्की होऊन पुढच्या फेऱ्या बंद होत होत्या. आपल्या वर्षाची माहितीपुस्तिका यासाठी वाचाच. आणि अर्ज नुसता सेव्ह करून थांबू नका. कन्फर्म केल्याशिवाय तो वाटपात धरलाच जात नाही.

आता हातात मोकळे दिवस येतात. बारावीमुळे सुटलेलं प्रोग्रॅमिंग नव्या कोर्सने सुरू करू नये असं आम्हाला ठामपणे वाटतं. पहिले धडे ओळखीचे निघतात आणि कंटाळा येतो. जुना एखादा प्रोग्रॅम काढा आणि काहीही न बदलता तो चालवा. चालला नाही तर आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रोग्रॅमच्या लायब्रऱ्यांचा स्वतंत्र फोल्डर बघा. पायथनची आवृत्ती बदलली किंवा फोल्डर हलवला की ते मोडतं, कारण त्यात जुन्या जागेचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. ते दुरुस्त करत बसू नका. पुसून नवं बनवा आणि लागणाऱ्या लायब्रऱ्या पुन्हा टाका.

मग नवं काम हाती घ्या: कटऑफ चाळणारा प्रोग्रॅम. विदा तुमच्याजवळ आहेच आणि उत्तर बरोबर की चूक हे तुम्हाला लगेच कळतं. कटऑफ याद्यांच्या पीडीएफ प्रोग्रॅमने फोडण्याच्या मागे सुरुवातीला लागू नका. तिथे प्रत्येक तक्त्यात प्रवर्गांचे रकाने वेगळे असतात आणि आकडे भलत्याच रकान्यात जाऊन बसतात. वीस ओळी हाताने सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल) भरा: कॉलेज, शाखा, प्रवर्ग, पर्सेंटाइल.

तीन ठिकाणी अडकाल. सीएसव्हीतून आलेला आकडा पायथनला मजकूर असतो. तसाच क्रमाने लावला तर १०० हा ९९ च्या खाली जातो, कारण आधी १ आणि ९ या अक्षरांची तुलना होते. म्हणून फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्येत बदला. दुसरं, विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा, नाहीतर मराठी नावांचा चिखल होतो. तिसरं, शून्याने सुरू होणारा कॉलेज कोड एक्सेलमध्ये उघडलात की पुढचं शून्य गायब होतं. तो रकाना मजकूर म्हणूनच ठेवा.

एवढं चाललं की कटऑफ यादीतला प्रवर्गाचा कोड फोडा. 'जीओपनएस' (GOPENS) मधला जी म्हणजे सर्वसाधारण, त्या जागी एल असेल तर मुलींसाठी. शेवटचा एस राज्यस्तरीय, एच स्वतःच्या विद्यापीठ क्षेत्राचा आणि ओ त्याबाहेरचा. ही फोड करणारं छोटं फंक्शन स्वतः लिहा, पाच कोड देऊन तपासा आणि गिटमध्ये (प्रोग्रॅममधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) कमिट करा. त्यानंतर दुसऱ्या फेरीचे कटऑफ जोडून प्रत्येक शाखा किती उतरली ते काढा.