आकाशात सरकणारा तो दिवा कशाचा? नाशिकच्या गच्चीवरून छडा लावायची पद्धत

आकाशात काही सरकताना दिसलं की सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न पडतो, ‘हे काय आहे?’ मग ड्रोन, स्टारलिंक (इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहांचा ताफा), शत्रूचा हेर उपग्रह आणि उडती तबकडी असे चार पक्ष तयार होतात. रात्री अकरापर्यंत वाद चालतो आणि सकाळी कुणालाच काही कळलेलं नसतं. कारण त्या प्रश्नाआधी तीन प्रश्न विचारायचे राहून जातात: किती वाजता दिसलं, कोणत्या दिशेला आणि क्षितिजापासून किती उंचीवर? ही तीन उत्तरं हाताशी असली तर बहुतेक वाद पाच मिनिटांत मिटतात. नसली तर जगातला कुठलाही तज्ज्ञ काही सांगू शकत नाही.

आधी वेळ, मग व्हिडिओ

दिवा दिसताक्षणी फोनवरची वेळ बघा आणि मोठ्याने उच्चारा. व्हिडिओ सुरू असेल तर आवाजही नोंदला जातो. फोनची वेळ नेटवर्कवरून आपोआप येत असेल तर ती या कामाला पुरेशी अचूक असते. भिंतीवरचं घड्याळ चालत नाही. पृथ्वीभोवती फिरणारं आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक एका सेकंदात साडेसात किलोमीटरहून जास्त पुढे जातं, त्यामुळे तीन मिनिटांची चूक झाली तर तेवढ्यात ते डोक्यावरून क्षितिजाजवळ पोहोचलेलं असतं.

ग्रुपवर मेसेजखाली दिसते ती पाठवल्याची वेळ, चित्रीकरणाची नव्हे. शिवाय व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि त्यातली मूळ नोंद, म्हणजे वेळ, एक्स्पोजर (कॅमेऱ्याने किती वेळ प्रकाश घेतला) वगैरे, निघून जाते. पुरावा म्हणून पाठवायचा असेल तर तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मात्र लोकेशन सुरू असेल तर अशा फाइलमध्ये तुमच्या घराचं ठिकाणही जातं. अनोळखी लोकांच्या ग्रुपवर पाठवताना ते आधी काढून टाका.

दिशा आणि उंची मोजणं

फोनमधलं होकायंत्र गच्चीवर हमखास फसवतं. लोखंडी कठडा, टाकीचा स्टँड, स्लॅबमधल्या सळया आणि फोनच्या कव्हरमधलं चुंबक ही त्यामागची कारणं. फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात दोन-तीनदा फिरवा, कठड्यापासून चार पावलं दूर उभं राहा आणि मग दिशा पाहा. तरी शंका वाटली तर शेजारच्या छतांवरच्या डीटीएचच्या तबकड्या बघा. आपले प्रसारण उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर आणि नाशिकच्या रेखांशाच्या पूर्वेला आहेत. त्यामुळे नाशकातल्या तबकड्यांचं तोंड ढोबळमानाने आग्नेयेच्या आसपास असतं. होकायंत्र तिथे वायव्य दाखवत असेल तर खोट होकायंत्रात आहे.

उंची मोजायला हात पुरतो. हात पूर्ण लांब करून एक डोळा मिटला की आडवी मूठ साधारण १० अंशांची आणि करंगळी १ अंशाची असते. पूर्ण ताणलेली वीत २० अंशांहून थोडी जास्त भरते. नाशिककरांची एक सोय अशी, की शहर जवळजवळ नेमकं २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे ध्रुव तारा इथून क्षितिजापासून २० अंशांवर दिसतो, म्हणजेच एकावर एक दोन मुठींवर. एकदा ध्रुवावर आपली मूठ तपासून घ्या. दोन मुठी रचूनही तारा वरच राहिला किंवा झाकला गेला तर तुमचा हिशेब त्या प्रमाणात बदलायचा. ध्रुव फार तेजस्वी नाही. सिडको किंवा नाशिकरोडच्या दिव्यांत तो शोधावा लागतो, पण मखमलाबाद, म्हसरूळच्या बाजूला सहज सापडतो.

इथे एक सवय सोडायला हवी. ‘दोनशे फुटांवरून गेलं’ हे वाक्य लिहू नका. अंधाऱ्या आकाशातल्या ठिपक्याचं अंतर डोळ्याला कळत नाही. खरा आकार माहीत असल्याशिवाय ते कळणं शक्यच नसतं. अंश सांगा, फूट नको.

उपग्रह नाशकातून कधी दिसू शकतो?

उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो, तो सूर्यप्रकाशात चमकतो. म्हणून दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: आपल्याकडे अंधार आणि वर, उपग्रहावर, ऊन. अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर असतं. सूर्य क्षितिजाखाली साधारण २० अंश गेला की डोक्यावरचं स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरतं. नाशिकच्या अक्षांशावर सूर्यास्तानंतर अंदाजे दीड तासात ही वेळ येते. स्टारलिंकचे बरेच उपग्रह ५५० किलोमीटरच्या आसपास फिरतात, त्यांना दहा-पंधरा मिनिटं जास्त मिळतात.

म्हणजे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा संध्याकाळची संधी साडेसात-पावणेआठपर्यंतच. त्यानंतर पुन्हा पहाटे, सूर्योदयाच्या आधीच्या दीड तासात. रात्री साडेबाराला डोक्यावरून संथ सरकलेला तेजस्वी ठिपका अवकाश स्थानक नव्हता, एवढं तर ॲप न उघडताही सांगता येतं. युरोपातल्या लोकांना जूनमध्ये मध्यरात्रीही स्थानक दिसतं, कारण तिथे सूर्य क्षितिजाखाली फार खोल जात नाही. त्यांचे अनुभव इथे लागू करू नका.

दीड तासाच्या या नियमातूनच ‘मध्येच विझला’ या तक्रारीचंही उत्तर मिळतं. संध्याकाळी पृथ्वीची सावली पूर्वेकडून वर चढते. पश्चिमेकडून आलेलं स्थानक पूर्वेच्या आकाशात पोहोचलं की काही सेकंदांत तांबूस होत मंद पडतं आणि दिसेनासं होतं. पहाटे उलट घडतं, ठिपका रिकाम्या आकाशात एकदम उगवतो. यात गूढ काही नाही. किंबहुना ठिपका नेमका भाकिताच्या सेकंदाला विझला तर तो उपग्रहच, याचा याहून चांगला पुरावा नाही.

भाकिताशी ताडून पाहणं

अवकाश स्थानकासाठी नासाची ‘स्पॉट द स्टेशन’ सेवा आहे. बाकी उपग्रहांसाठी ‘हेवन्स अबव्ह’ सर्वांत उपयोगी, आणि विमानांसाठी ‘फ्लाइटरडार२४’. तिन्ही फुकट वापरता येतात.

सगळ्यांत मोठी चूक ठिकाणाची होते. ॲपमध्ये आपोआप ‘मुंबई’ निवडलेलं असतं आणि कुणी ते बदलत नाही. नाशिक-मुंबई सरळ अंतर सुमारे १४० किलोमीटर आहे. वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारं स्थानक मुंबईच्या बरोबर डोक्यावरून गेलं, तर नाशकातून ते नैर्ऋत्येला सुमारे ७० अंशांवर दिसतं. तेच नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जात असेल तर दोन्ही शहरांच्या डोक्यावरून जातं, फक्त नाशकात वीसेक सेकंद उशिरा. म्हणून ठिकाण नाशिकच ठेवा: अक्षांश २०.०, रेखांश ७३.८. वेळ जागतिक घड्याळाप्रमाणे (यूटीसी) दिलेली असेल तर साडेपाच तास मिळवायचे.

आता जुळणी. भाकीत आणि तुमची नोंद यांत एक मिनिट आणि दहा अंश इतका फरक चालतो. दिशा उलटी असेल तर मात्र चालत नाही. स्थानकाच्या कक्षेचा विषुववृत्ताशी कल ५१.६ अंश आहे आणि ते नेहमी पश्चिमेच्या बाजूने येऊन पूर्वेच्या बाजूला जातं. पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलेला तेजस्वी ठिपका ते असूच शकत नाही. चीनचं त्यांगोंग स्थानकही बरंच तेजस्वी दिसतं, तेव्हा पहिलं जुळलं नाही तर ते तपासा. त्याचा कल साडेएकेचाळीस अंश आहे आणि तेही पूर्वेकडेच जातं.

स्टारलिंकची माळ ओळखायला सोपी आणि ताडायला अवघड. एका उड्डाणात वीसहून जास्त उपग्रह सुटतात आणि पहिले काही दिवस खालच्या कक्षेत एकामागोमाग रांगेने जातात. पुढे ते पांगतात, वर चढतात आणि मंद होतात. या काळात ते सतत आपली कक्षा बदलत असल्यामुळे भाकीत काही मिनिटांनी चुकू शकतं. माळ दिसली, दिशा जुळली, पण वेळ चार मिनिटं पुढेमागे झाली तर वाद घालत बसू नका, ती तीच आहे. पहिली अशी माळ मे २०१९ मध्ये सुटली. त्याआधीच्या ‘माळेच्या’ आठवणी वेगळ्या कशाच्या तरी आहेत.

विमान की उपग्रह?

लोक सांगतात, ‘उपग्रह फार वेगाने जातो, विमान हळू’. हे डोळ्याला तसं दिसत नाही. डोक्यावर असताना अवकाश स्थानक सेकंदाला साधारण १ अंश सरकतं. दहा किलोमीटरवरचं प्रवासी विमान तेवढंच किंवा थोडं जास्तच. म्हणून वेगावरून निकाल देऊ नका, दिव्यावरून द्या. विमानाच्या डाव्या पंखावर लाल, उजव्यावर हिरवा दिवा आणि सोबत लुकलुकणारे पांढरे दिवे असतात. स्थानकाचा प्रकाश एकसंध असतो. शंका उरली तर फोन कशावर तरी टेकवून प्रो मोडमध्ये आयएसओ ४०० आणि १० सेकंद एक्स्पोजर ठेवून फोटो काढा. उपग्रहाची सलग रेघ उमटते, विमानाची रेघ मात्र लुकलुकीमुळे ठिपक्याठिपक्यांची येते. आवाजाचं म्हणाल, तर दहा किलोमीटरवरून तो पोहोचायला अर्धा मिनिट लागतो, म्हणून ‘आवाज नव्हता’ हा भक्कम पुरावा नाही.

‘फ्लाइटरडारवर दिसलं नाही म्हणजे विमान नव्हतंच’ हा युक्तिवाद नाशकात विशेष फसतो. ओझरला एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) लढाऊ विमानांचा कारखाना आहे, आणि लष्करी विमानं अशा नकाशावर दिसायलाच हवीत असं नाही. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. तोफखान्याकडे हवेत उजेड पाडणारे गोळेही असतात. ते पॅराशूटला लटकत संथ खाली येतात. त्या बाजूला खाली उतरणारा प्रखर दिवा दिसला तर ही शक्यता आधी धरा, आणि लष्करी हद्दीच्या दिशेने कॅमेरा रोखून बसू नका.

बसल्या जागी फसवणारे

बऱ्याच तक्रारी न सरकणाऱ्या दिव्याच्या असतात. पश्चिमेला संध्याकाळी प्रखर, स्थिर, हळूहळू खाली जाणारा दिवा म्हणजे बहुधा शुक्र. तो सूर्यापासून ४७ अंशांहून दूर जात नाही, म्हणून मध्यरात्री डोक्यावर कधीच नसतो. हिवाळ्यात लाल-निळा-हिरवा चमचमणारा म्हणजे बहुधा व्याध तारा. अंधारात एकटक पाहिलं की स्थिर ताराही हलतो असं वाटतं. टाकीच्या कडेला किंवा तारेला टेकवून दोन मिनिटं बघा, खरी हालचाल असेल तर कळेल.

फोनने झूम करून काढलेला ‘चौकोनी, आतून नक्षी असलेला’ दिवा हा बहुधा फोकस सुटलेला शुक्र किंवा तारा असतो. रस्त्यावरचा दिवा चौकटीत असेल आणि केंद्राच्या बरोबर उलट बाजूला फिकट ठिपका दिसत असेल तर ते भिंगातलं प्रतिबिंब. फोन थोडा हलवा, ठिपका दिव्याच्या उलट पळेल. संक्रांतीला येवल्याकडे आणि शहरातही पतंगाला बांधलेले किंवा सोडून दिलेले कंदील दिसतात. ते नारिंगी असतात, थरथरतात आणि वाऱ्याच्या दिशेने जातात.

तरीही पटत नसेल तर दोन ठिकाणांहून

उंचीवरून वाद अडला असेल तर सिन्नरच्या मित्राला फोन करा. नाशिक-सिन्नर सरळ अंतर सुमारे २७ किलोमीटर. नाशकात डोक्यावर असलेलं दहा किलोमीटर उंचीवरचं विमान सिन्नरहून क्षितिजापासून फक्त २० अंशांवर दिसेल. त्याच जागी ४२० किलोमीटरवरचं स्थानक असेल तर तिथूनही ते जवळजवळ डोक्यावरच, जेमतेम चार अंश कललेलं दिसेल. गच्चीवरचा ड्रोन तर सिन्नरहून दिसणारच नाही. दोघांनी एकाच सेकंदाला मूठ लावली की झालं. या मोजणीपुढे कुठलाही युट्यूब व्हिडिओ टिकत नाही.

ग्रुपवर टाकायची नोंद एवढीच असावी: ‘१९:१२:४०, मखमलाबाद, वायव्य ते आग्नेय, सर्वांत वर ६० अंश, चार मिनिटं, लुकलुक नाही, पूर्वेकडे विझला.’ विशेषणं नकोत.

तुटत, जळत जाणारं काही दिसलं तर

उल्का एक-दोन सेकंदांत संपते. अर्धा-एक मिनिट चालणारे, अनेक तुकड्यांत फुटलेले, एकाच रेषेत संथ जाणारे दिवे म्हणजे वातावरणात परत शिरणारा रॉकेटचा किंवा उपग्रहाचा अवशेष. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी, गुढीपाडव्याला, महाराष्ट्रभर असंच दिसलं होतं. ते चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचे अवशेष होते, असं तज्ज्ञांनी सांगितलं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं आणि गोळे पडले होते.

बागेत किंवा मळ्यात असा तुकडा सापडला तर उचलू नका. गोळे बहुधा इंधनाच्या किंवा दाबाखालच्या वायूच्या टाक्या असतात, आणि काहींमध्ये हायड्राझिनसारखं विषारी इंधन शिल्लक असू शकतं. मुलं आणि जनावरं लांब ठेवा, वारा तुमच्याकडून तुकड्याकडे वाहील अशा बाजूला उभं राहा, दुरून एक फोटो काढा आणि ११२ वर किंवा तहसील कार्यालयात कळवा. भंगारवाल्याला बोलावू नका.