अमेरिकेत नव्याने आलात? आरओ बसवण्याआधी नळाचं पाणी बघा

घर मिळालं, सोशल सिक्युरिटी नंबर हातात आला, की आपल्या लोकांची पुढची खरेदी ठरलेली असते: सिंकखाली बसवायचा आरओ. बसवायचा तर बसवा, पण आरओ पाण्यातलं बहुतेक फ्लोराईड काढून टाकतो, म्हणून त्याआधी तुमच्या गावच्या पाण्यात ते किती आहे ते बघा.

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या माणसाला फ्लोराईड म्हटलं की बोअरच्या पाण्याने तपकिरी पडलेले दात आणि आखडलेले सांधे आठवतात. ती भीती खरीच आहे. पण तिथे ते जमिनीतून येतं, किती येईल त्यावर कुणाचा ताबा नसतो. इथे दात किडू नयेत म्हणून पाणीपुरवठा खातं ते मोजून घालतं. 1945 साली मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सने सुरुवात केली. आजची शिफारस लिटरमागे 0.7 मिलिग्रॅमची आहे. भारतीय मानकात 1.0 चालतं आणि दुसरं पाणी नसेल तर 1.5 पर्यंत. फ्लोराईडने मुलांचा बुद्ध्यांक घटतो का, यावरच्या 2024 च्या ज्या अमेरिकी सरकारी अहवालाची सतत चर्चा होते, तो 1.5 च्या वरच्या पाण्याबद्दल बोलतो, 0.7 बद्दल काही ठरवायला माहिती अपुरी आहे, असं त्यातच म्हटलंय. व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डमधून नेमका हाच आकडा गळतो.

सगळ्या गावांत फ्लोराईड घालतात असंही नाही. ओरेगनच्या पोर्टलंडमध्ये 2013 च्या मतदानात लोकांनी नाही म्हटलं. युटा आणि फ्लोरिडाने 2025 मध्ये कायद्यानेच बंद केलं. म्हणून न्यू जर्सीतल्या मित्राचा सल्ला फ्लोरिडातल्या टँपात वापरू नका. आपल्या ग्रुपवर जो तो ठामपणे सांगतो, समोरचा कुठल्या गावात राहतो हे कुणी विचारत नाही.

आता महागात पडणारी गोष्ट. ओळखीच्या दोन-तीन घरांत हेच पाहिलं: प्यायला आरओचं पाणी, टूथपेस्ट 'नॅचरल' म्हणून फ्लोराईड-फ्री, आणि रात्री तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपणारं मूल. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत आधी किडीची खडूसारखी पांढरी रेघ येते, मग ती तपकिरी होते. तोवर कुणी ओठ वर करून बघितलेलं नसतं. इतक्या लहान मुलाचे दात बऱ्याचदा भूल देऊन करावे लागतात. दातांचा विमा इथे बहुतेकदा वेगळा काढावा लागतो, ही या देशाची मला कधीच न पटलेली गोष्ट. बिल हजारो डॉलरांत जातं. आरओ ठेवा, पण पेस्ट फ्लोराईडचीच घ्या: तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी, आणि थुंकायला शिकवा. पाण्यात फ्लोराईड नसेल तर डेंटिस्टला तसं स्पष्ट सांगा. ते दातांवर फ्लोराईडचा लेप (व्हार्निश) लावतात, गरज वाटली तर फ्लोराईडच्या गोळ्या देतात. स्वतःच्या मनाने गोळ्या सुरू करू नका.

उकळून फ्लोराईड जात नाही. पाणी आटेल तसं प्रमाण वाढतंच. साध्या फिल्टरच्या जगनेही फारसं निघत नाही.

बाळाला फक्त फॉर्म्युला देत असाल आणि तो रोज नळाच्या पाण्यात कालवत असाल, तर पुढे दातांवर फिकट पांढरे डाग येऊ शकतात. मधूनमधून कमी फ्लोराईडचं बाटलीतलं पाणी वापरायचं का, ते बालरोगतज्ज्ञाला विचारा.

आकडा शोधायचा तो कन्झ्युमर कॉन्फिडन्स रिपोर्टमध्ये. पाण्याच्या गुणवत्तेचा हा अहवाल पाणीपुरवठा खातं दरवर्षी काढतं. भाड्याच्या घरात पाण्याचं बिल बहुतेकदा आपल्या नावावर नसतं, त्यामुळे तो आपल्यापर्यंत पोचत नाही. लीजिंग ऑफिसकडून खात्याचं नाव घ्या आणि त्यांच्या साइटवर बघा. गावाबाहेर खाजगी विहिरीचं घर घेतलंत तर असा रिपोर्ट नसतोच, पाणी स्वतः लॅबमध्ये तपासून घ्यावं लागतं.