नाटकावर बेतलेल्या जुन्या चित्रपटाची पार्श्वभूमी कशी शोधावी

१९३० च्या दशकातील महामंदीच्या काळात हॉलिवूडने ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, गाजलेली अनेक नाटके पडद्यावर आणली. अशा चित्रपटाचा शोध घेताना किस्से बाजूला ठेवून मूळ संहितेपासून सुरुवात करावी, कारण काय बदलले हे कळल्याशिवाय ते का बदलले याचा विचारच करता येत नाही. १९३६ चा 'द पेट्रिफाइड फॉरेस्ट' या कामासाठी उत्तम आहे. रॉबर्ट शेरवूड यांचे हे नाटक जानेवारी १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडहर्स्ट नाट्यगृहात आले. ॲरिझोनाच्या वाळवंटातील एका आडवाटेच्या उपाहारगृहात ते घडते. छापील नाटक आधी वाचावे आणि चित्रपट पाहताना कॅमेरा उपाहारगृहाबाहेर पडतो ती प्रत्येक जागा टिपून ठेवावी. चित्रपटासाठी केलेली भर बहुधा तिथेच सापडते.

मग दोन्हींच्या नामावल्या शेजारी ठेवाव्यात. नाटकाची नामावली इंटरनेट ब्रॉडवे डेटाबेसवर आणि चित्रपटाची अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या सूचीत मिळते. लेस्ली हॉवर्ड आणि हम्फ्री बोगार्ट हे अभिनेते दोन्हीकडे दिसतात, अभिनेत्री बेट डेव्हिस मात्र फक्त चित्रपटात. इथेच तो प्रसिद्ध किस्सा भेटतो: चित्रपट काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओला गुंड ड्यूक मँटीच्या भूमिकेसाठी एडवर्ड जी. रॉबिन्सन हवे होते, पण बोगार्ट नसतील तर आपणही काम करणार नाही, असे हॉवर्ड यांनी तारेने कळवले, असे सांगतात. ही तार उद्धृत करण्यापूर्वी तिचे शब्द दोन-तीन चरित्रांत ताडून पाहावेत; ते पुस्तकागणिक बदलत असतील, तर आशय सांगावा, अवतरणचिन्हे देऊ नयेत. बोगार्ट यांनी १९५२ मध्ये जन्मलेल्या मुलीचे नाव लेस्ली ठेवले, यातून त्यांची कृतज्ञता दिसते, तारेचा मजकूर सिद्ध होत नाही. हा फरक पाळणे मला फार महत्त्वाचे वाटते. स्टुडिओची मूळ कागदपत्रे लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात आहेत, तर त्या काळची चित्रपटव्यवसायाची नियतकालिके मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीवर विनामूल्य वाचता येतात.

शेवटी गाळलेले संवाद पाहावेत. जुलै १९३४ पासून प्रॉडक्शन कोडची, म्हणजे पडद्यावर काय दाखवावे यासाठी हॉलिवूडने स्वतःवर घातलेल्या नियमांची, कडक अंमलबजावणी सुरू झाली, त्यामुळे चित्रपट त्याआधीचा की नंतरचा हे प्रथम ठरवावे. तरीही प्रत्येक काटछाट सेन्सॉरच्या माथी मारू नये, कारण पुष्कळदा ती केवळ लांबीसाठी केलेली असते. खात्री करायची असेल, तर ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या मार्गारेट हेरिक ग्रंथालयातील कोडच्या फायली पाहाव्यात.